एका चंद्राच्या पाच आवृत्त्या

मे महिन्यातल्या रविवारी भर दुपारी दारेखिडक्या लावून, पंखा थांबवून आणि फ्रिजचे बटण बंद करून मी घामाघूम अवस्थेत कुणाच्या तरी हृदयाचे ठोके ऐकत बसतो, ही गोष्ट आमच्या घराने आता पचवली आहे. ते ठोके खरे म्हणजे हृदयाचे नाहीतच. ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमवादक निक मेसन याच्या बास ड्रमचा तो संस्कार केलेला आवाज आहे आणि १९७३ साली निघालेल्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बमची सुरुवात त्यानेच होते. तो शून्यातून इतका हळूहळू वर येतो की रेकॉर्ड सुरू झाली आहे की सुई नुसतीच फिरते आहे, हे पहिले काही क्षण कळतच नाही. फ्रिज चालू असेल तर ते क्षण फ्रिजच जिंकतो.

माझ्याकडे या एकाच अल्बमच्या पाच आवृत्त्या आहेत. पहिली काकांची. ती कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेली असून काकांनी मुंबईच्या चोरबाजारातून घासाघीस करून आणली होती. दुसरी १९७९ सालची, ‘मोबाइल फिडेलिटी’ या अमेरिकन कंपनीची, निम्म्या वेगाने कोरलेली. तिसरी नव्वदच्या दशकातली साधी सीडी. चौथी २००३ सालची ‘सुपर ऑडिओ सीडी’, म्हणजे साध्या सीडीपेक्षा अधिक बारकावे टिपणारी तबकडी, जिच्यात ध्वनिमुद्रक जेम्स गथ्रीने केलेले, चहूबाजूंच्या स्पीकरांतून वाजणारे ध्वनिमिश्रण आहे. माझ्याकडे स्पीकर मात्र दोनच आहेत. पाचवी २०१६ सालची, १८० ग्रॅम वजनाची रेकॉर्ड. यातली प्रत्येक आवृत्ती घेताना मी पत्नीला ‘ही शेवटची’ असे सांगितले होते आणि त्या त्या वेळी ते मला मनापासून खरे वाटत होते. सहावी, म्हणजे लेबलावर भरीव निळा त्रिकोण असलेली पहिली ब्रिटिश आवृत्ती, मी अजून घेतलेली नाही. तिची किंमत घरात उच्चारण्यासारखी नाही.

निम्म्या वेगाने कोरणे म्हणजे काय, हे एकदा समजून घेतले की माणूस कायमचा बिघडतो. मूळ ध्वनिफीत आणि तबकडी कोरणारे यंत्र, ही दोन्ही निम्म्या वेगाने चालवतात. त्यामुळे झांजेसारखे अतिउच्च स्वर कोरताना कोरणीची धांदल होत नाही. तिला प्रत्येक वळणासाठी दुप्पट वेळ मिळतो. ही कल्पना मला इतकी पटली की रेकॉर्ड वाजवण्यापूर्वीच तिच्यातल्या झांजा मला अधिक लखलखीत ऐकू येऊ लागल्या. आमच्या मंडळींत अशा अनुभवांसाठी एक स्वतंत्र परिभाषा आहे. आवाजावरचा ‘पडदा दूर होतो’, दोन सुरांमधली शांतता ‘अधिक काळी’ होते आणि गिटार ‘हवेत श्वास घेते’. हापूस देवगडचा की रत्नागिरीचा हे नुसत्या वासावरून सांगणारी माणसे आपण पाहतोच. आम्ही त्यांचेच भाऊबंद आहोत, फरक एवढाच की आंबा निदान शेवटी खाल्ला तरी जातो.

तुलनेची खरी अडचण घरात असते. ठोके संपतात तोवर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. शिट्टी संपते तोवर खाली भाजीवाला येतो. तुलना करायची म्हणजे तोच तुकडा प्रत्येक आवृत्तीत पुन्हा लावायचा आणि माझा आवडता तुकडा म्हणजे ‘टाइम’ या गाण्याच्या आरंभी एकदम ठणाणा करणारी घड्याळे. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने ती जुन्या घड्याळांच्या एका दुकानात जाऊन एकेक करून टिपली होती. त्याचा मूळ हेतू चार दिशांनी वाजणाऱ्या ध्वनीचे प्रात्यक्षिक दाखवण्याचा होता. तो हेतू आमच्या इमारतीत पूर्णपणे सफल झाला आहे, कारण ही घड्याळे चारही दिशांच्या शेजाऱ्यांना ऐकू जातात. पाच आवृत्त्या म्हणजे पाच वेळा घड्याळे, आणि शंका आली की पुन्हा पाच. समोरच्या सदनिकेतल्या आजोबांनी एकदा आत्यंतिक सभ्यपणे विचारले, ‘आपल्याकडे घड्याळदुरुस्ती सुरू केलीत का?’

एवढ्या तपश्चर्येनंतर मी निकाल लावला की सीडीच सर्वांत जिवंत वाटते. हा निकाल मलाच अपमानास्पद वाटला, कारण पाचांत ती सर्वांत स्वस्त होती. मग मोबाइलवर आवाज मोजण्याचे ॲप घेतले आणि कळले की माझा सीडी प्लेयर टर्नटेबलपेक्षा तीनेक डेसिबल मोठा वाजतो. दोन सारख्याच आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज कानाला मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि मोठ्या आवाजात खर्जही अधिक भरल्यासारखा ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी कानाची ही खोड १९३३ सालीच मांडून ठेवली होती. जे नव्वद वर्षांपूर्वी छापून आले होते, ते शोधून काढण्यासाठी मी पाच आवृत्त्यांचे पैसे मोजले होते.

आवाज एका पातळीवर आणून मी फक्त १९७९ आणि २०१६ या दोन रेकॉर्डींची परीक्षा घ्यायची ठरवली. पाठ फिरवून मी बसणार आणि पत्नी तिला हवी ती रेकॉर्ड लावणार, अशी योजना होती. एक रेकॉर्ड काढून, ब्रशने पुसून दुसरी लावेपर्यंत मिनिटभर जाते आणि आवाजाचे बारकावे तर कानात काही सेकंदच टिकतात. म्हणजे मी नव्या आवाजाची तुलना जुन्या आवाजाशी करत नव्हतो, जुन्या आवाजाबद्दल वहीत लिहिलेल्या विशेषणांशी करत होतो. दहापैकी पाच उत्तरे बरोबर आली. ‘अहो, नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती,’ पत्नी म्हणाली आणि पीठ मळायला आत गेली.

कन्येने तर दुखऱ्या जागीच बोट ठेवले. तिने मोबाइलवर एक अतिउच्च स्वर लावला आणि कान दाबून धरले. मला काहीच ऐकू आले नाही. आकडा उतरवत उतरवत ती बारा हजार हर्ट्झपर्यंत आली तेव्हा कुठे मला बारीकशी शीळ ऐकू आली. वय वाढते तसे कानाचे वरचे टोक झिजत जाते, हे मला वाचून ठाऊक होते. ते आपल्याच कानाचे झिजते हे ठाऊक नव्हते. ज्या ‘सुपर ऑडिओ सीडी’चा पल्ला कागदोपत्री एक लाख हर्ट्झपर्यंत जातो, ती मी कोणासाठी विकत घेतली होती? तिचे खरे रसिक म्हणजे आमच्या मागच्या पिंपळावरची वटवाघळे.

तरीही माझ्यासारख्या खोट्या कानसेनाला दिलासा देणारी एक घटना २०२२ च्या जुलैत घडली. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने जाहीर केले की ‘मोबाइल फिडेलिटी’च्या ज्या कित्येक नव्या रेकॉर्डी मूळ फितीवरून थेट कोरल्या जातात असे सारे समजत होते, त्या बनवताना मध्ये एक डिजिटल पायरी होती, म्हणजे फितीवरचा आवाज आधी संगणकी आकड्यांत उतरवला जात होता. डिजिटलचा स्पर्श झालेला आवाज आम्ही शंभर पावलांवरून ओळखतो, असे सांगणाऱ्या जाणकारांनी याच रेकॉर्डींना वर्षानुवर्षे डोक्यावर घेतले होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि अडीच कोटी डॉलरांची तडजोड झाली. ती बातमी वाचून मी आधी हसलो आणि मग हळूच उठून माझी १९७९ ची प्रत तपासली. ती त्या वादाच्या फार पूर्वीची आहे, हे लक्षात आल्यावर मला झालेला आनंद मी घरात कोणालाही सांगू शकलो नाही.

मागच्या आठवड्यात मी कचेरीतून आलो तेव्हा पत्नीने चहा देता देता विचारले, ‘ते शेवटी बोलणारे गृहस्थ कोण हो?’

‘कुठे?’

‘तुमच्या त्या चंद्राच्या रेकॉर्डमध्ये. पार शेवटी, नुसते ठोके उरतात तेव्हा कोणीतरी अगदी हळू बोलतं.’

ते गृहस्थ म्हणजे जेरी ओ’ड्रिस्कॉल, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओचे दरवान, हे मला पाठ होते. पण त्यांचा आवाज आपण शेवटचा कधी ऐकला हे काही केल्या आठवेना. पाचही आवृत्त्यांची सुरुवात मी काही शे वेळा ऐकली असेल. रेकॉर्डची दुसरी बाजू मी दोन वर्षांत लावलेलीच नव्हती. पत्नीने मात्र त्या दुपारी पंखा आणि फ्रिज दोन्ही चालू ठेवून, शेंगा सोलता सोलता, मधे एकदा उठून बाजू उलटून, त्रेचाळीस मिनिटांचा तो अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकला होता. मधे ती बाई शब्दांवाचून नुसतीच गाते, ते तिला फार आवडले होते.

‘आणि तो बोलणारा तुला स्पष्ट ऐकू आला? फ्रिज चालू असताना?’ माझा चहा निवत चालला होता. ‘रेकॉर्ड कोणती लावली होतीस?’

‘वरची होती ती.’

मी कपाट उघडले. तिने तिन्ही रेकॉर्डी नीट पुसून, एकीला एक लावून उभ्या ठेवल्या होत्या.