पहिल्या आठवड्यातले दोन किलो

परदेशात येऊन मला अकरा वर्षे झाली, तरी दर रविवारी घरच्यांशी बोलताना एक वाद ठरलेला असतो. कर्बोदके पूर्ण बंद केल्याशिवाय चरबी उतरत नाही, असे माझा धाकटा भाऊ ठामपणे सांगतो आणि पहिल्याच आठवड्यात घटलेल्या दोन किलोंचा दाखला देतो. माणसे पिढ्यानपिढ्या धान्य खाऊनच जगली, असे ताई त्याला सुनावते.

ते दोन किलो कशाचे होते, हे त्याने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. यकृतात सुमारे 100 आणि स्नायूंत सुमारे 400 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांपासून बनलेला ऊर्जेचा साठा, असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास 3 ग्रॅम पाणी असते. कर्बोदके एकदम तोडली की हा साठा आटतो, पाणी निघून जाते आणि वजनकाटा झपाट्याने खाली येतो. एक किलो चरबी उतरायला मात्र सुमारे 7,700 कॅलरींची तूट लागते. रोज 500 कॅलरी कमी घेतल्या तरी त्याला पंधरवडा जातो.

ताईचे म्हणणेही मला अपुरे वाटते, कारण इथे मी जे खात होतो ते धान्य नावापुरतेच होते. एकट्याचा संसार, दिवसभर बैठे काम आणि रात्री तयार पाकिटे, यांत पहिल्या तीन वर्षांत माझी कंबर चार इंचांनी वाढली. अमेरिकेत संशोधक केविन हॉल यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 20 जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचे जेवण दिले होते. पुढ्यात ठेवलेली कर्बोदके, साखर, स्निग्धांश आणि तंतुमय घटक सारखेच होते, तरी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या 2018 मधील अभ्यासात 609 प्रौढांपैकी कमी कर्बोदकांच्या गटाचे वजन वर्षभरात सरासरी 6 किलो, तर कमी स्निग्धांशाच्या गटाचे 5.3 किलो घटले, म्हणजे दखल घेण्याजोगा फरक पडलाच नाही. साखर व मैद्यासारखी पिठे टाळून भाज्या भरपूर खा, असे दोन्ही गटांना सांगितलेले होते.

मी आधी गोड पेये सोडली, मग पाकिटे. जेवणात डाळी आणि भाज्या वाढवल्या, आणि काट्याऐवजी महिन्यातून दोनदा कंबरेला फीत लावू लागलो. दीड वर्षात तीन इंच उतरले. वेग कमी आहे, पण हे मला पुढेही पाळता येईल.

भावाबद्दल मला वाटणारी काळजी मात्र वेगळीच आहे. तो इन्सुलिन घेतो, आणि डोस तोच ठेवून कर्बोदके तोडली तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. डॉक्टरांनी डोस बदलून दिला आहे का, हे मी त्याला रविवारची वाट न पाहता आजच विचारणार आहे.