हापशी कोणी बंद केली नव्हती

आज डोकं जाम फिरलंय, पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे सरकावं.

भाचीच्या शाळेत सरांनी रग्बी सुरू केलंय, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरचीने धरून पाडायचं, तो खेळ. निवडीला पाठवायचं तर पालकांची सही हवी. फॉर्म चार दिवस टीव्हीखाली पडलेला. आज चोपड्याला गेले तेव्हा भावाला विचारलं, तर म्हणतो, "पोरनी जात शे ताई. दात पडनात ते कोन करी लगीन?"

आणि हे सांगतोय कोणाला? मला! चौदाव्या वर्षी माझा पुढचा दात पडला तो काही रग्बीने नाही, हापशीने. हंडा अर्धा भरला होता, दांडा उसळला आणि थेट तोंडावर बसला. ओढणी रक्ताने भरली, दात चिखलात. चौथ्या दिवशी त्याच हापशीवर पुन्हा मीच उभी. पोरीची जात म्हणून कोणी हंडा काढून घेतला नाही.

इंग्लंडची एमिली स्कॅरट बघा. लेस्टरशायरच्या शेतकऱ्याच्या घरातली पोरगी, २००८ मध्ये देशाकडून पहिली मॅच खेळली. २०१४ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये कॅनडाविरुद्ध संघाचे २१ गुण, त्यातले १६ हिचे एकटीचे. "तिकडे पैसा आहे" म्हणणाऱ्यांनो, तेव्हा त्या संघातल्या कितीतरी जणी नोकरी सांभाळून खेळत होत्या. रग्बीत सात जणींचाही संघ असतो; पंधरा जणींच्या संघाला टिकणारे पूर्णवेळ करार मिळाले ते २०१९ मध्ये.

लागतं, हो. तिचा २०२१ मध्ये पाय मोडला, नंतर मानेचं ऑपरेशन झालं, वर्षभराहून जास्त बाहेर होती. मान्य. पण पस्तिशीत येऊन तिने पाचवा वर्ल्डकप खेळला आणि मगच निवृत्त झाली. ११९ मॅच, ७५४ गुण. त्या वर्ल्डकपची फायनल बघायला ८१,८८५ माणसं आली होती. बायकांची मॅच बघायला!

लांबचं नको असेल तर पुण्याची वाहबिज भरुचा घ्या, भारताची कर्णधार राहिलेली, पेशाने फिजिओथेरपिस्ट. २०१९ मध्ये फिलिपिन्समध्ये आपल्या पोरींनी सिंगापूरला २१-१९ ने हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला भारताचा तो पहिलाच विजय. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा केळीच्या भावाशिवाय काही नव्हतं.

बरं, हापशीचं अर्धंच सांगितलं. दांड्याला तेव्हा लोंबकळत होता तो हाच भाऊ. नऊ वर्षांचा. माझं तोंड बघून दांडा सोडून पळाला, रात्री गोठ्यात सापडला, रडून रडून डोळे सुजलेले. आजही मी हसले की त्याची नजर आधी त्या बसवलेल्या दातावर जाते. म्हणजे भीती लग्नाची नाहीच, हे मला इथे टाइप करताना कळतंय. दुपारी उगाच एवढी तणतणले त्याच्यावर.

पण सही मी घेणारच. निघताना दारात म्हटलं, दात वाचवायला तोंडात माउथगार्ड लावतात रे, खेळताना बहुतेक जणी लावतात. भाची आतून ओरडली, "फुई, सरांकडे फोटो आहे त्याचा!"

भाऊ काही बोलला नाही. मी चपला घातल्यावर हळूच विचारतो, "कितलाले भेटस ते?"