चांगल्या घरातली तपासणी

गेल्या आठवड्यात एका नर्सिंग होममधून गरोदर बायकांच्या तपासण्यांची नवी यादी आमच्या लॅबला आली. हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी, लघवी. व्हीडीआरएल नव्हती. टाइप करताना राहून गेली असेल म्हणून फोन केला. तिकडून उत्तर आलं, "काढलीय मॅडम. पॅकेजचा रेट खाली आणायचा होता. आणि आपले पेशंट चांगल्या घरातले असतात."

पुण्यातल्या लॅबमध्ये मला 19 वर्षं झाली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नाहीये. पण या वेळी ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

व्हीडीआरएल म्हणजे सिफिलिसची तपासणी. सिफिलिस म्हणजे उपदंश, शरीरसंबंधातून पसरणारा आजार. जुनी माणसं 'गरमी' म्हणायची. स्लाइडवरच्या गोल कड्यात सीरम, म्हणजे रक्तातला वरचा पातळ भाग, घ्यायचं, त्यात अँटिजेनचा एक थेंब, रोटेटरवर चार मिनिटं फिरवायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. निगेटिव्ह असेल तर बारीक कण सगळीकडे सारखे पसरलेले दिसतात, धुकं पडल्यासारखे. पॉझिटिव्ह असेल तर त्याच कणांच्या गुठळ्या होतात आणि मधली जागा स्वच्छ मोकळी दिसते. मग सीरम निम्मं निम्मं पातळ करत न्यायचं, 1:2, 1:4, 1:8, आणि गुठळ्या कुठपर्यंत टिकतात ते लिहायचं. कधी मलेरियाने, कधी नुसत्या गरोदरपणानेही खोटी पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचए ही दुसरी तपासणी करून खात्री करायची. व्हीडीआरएलच्या सामानाला एका प्लेट मिसळीइतकाही खर्च येत नाही. वेगळी सुई टोचावी लागत नाही, एचआयव्हीसाठी घेतलेल्या रक्तातच होते.

देशाचा आकडा काढला तर आपल्याकडे गरोदर बायकांमध्ये सिफिलिसचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी यांच्यात ते कितीतरी जास्त आहे. हे खरंच आहे. पण या आकड्यांचा अर्थ लोक असा लावतात की आजार बुधवार पेठेतल्या देहविक्रीच्या वस्तीत राहतो आणि आपण कोथरूडमध्ये. बुधवार पेठेत जाणारा माणूस रात्री कुठल्या घरी परततो, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात या आजाराला 'फिरंग रोग' म्हटलंय, फिरंग्यांनी आणलेला. तेव्हापासून तो कायम दुसऱ्याचाच आहे.

अमेरिकेत काय झालं ते बघा. 1999 मध्ये त्यांनी सिफिलिस देशातून संपवायचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, कारण रुग्ण अगदी कमी उरले होते. नंतर आजार पुन्हा वाढायला लागला, आधी मुख्यतः समलिंगी पुरुषांमध्ये. पुढे बायकांमध्ये आला, आणि बायकांमागून बाळांमध्ये. 2012 मध्ये जन्मतः सिफिलिस असलेली 335 बाळं तिथे नोंदली गेली, 2022 मध्ये 3,755. त्यांच्याच आरोग्य खात्याचं म्हणणं, दहातली नऊ प्रकरणं वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर टळली असती. जपानमध्ये 2022 साली रुग्णांनी दहा हजारांचा आकडा ओलांडला, आणि बायकांमध्ये सगळ्यात जास्त रुग्ण विशीतल्या. देशाची सरासरी बघत बसलं की आजार एका गटातून दुसऱ्यात कधी सरकला ते कळत नाही.

या आजाराची चालच तशी आहे. पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते. मग तळहात-तळपायावर पुरळ येतं, बहुतेकदा खाजही नसते, तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काही नाही. बायकोला तर सुरुवातीची जखम दिसण्याची शक्यताही कमी, ती आतच असते. दिवस गेले की तोच जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भपात होतो, बाळ पोटातच जातं, किंवा जन्मताना ठणठणीत दिसतं आणि पुढे हाडं, कान, डोळे यांतून आजार बाहेर पडतो.

तीनेक वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, सातवा महिना, सोबत सासूबाई. रिपोर्ट 1:32, म्हणजे बत्तीसपट पातळ केलेल्या सीरममध्येही गुठळ्या, टीपीएचए पॉझिटिव्ह. सासूबाईंना बाहेर बसवून मी तिला म्हटलं, आजच्या आज डॉक्टरांकडे जा. इलाज बेंझाथिन पेनिसिलिनचा. आजार नवा असेल तर 24 लाख युनिटचं इंजेक्शन एकदा, कधीचा आहे कळत नसेल तर आठवड्याला एक असे तीन डोस. गरोदरपणात बाळापर्यंत खात्रीने पोचणारं दुसरं औषध नाही, आणि ते बाळंतपणाच्या किमान महिनाभर आधी सुरू व्हावं लागतं. तिच्या हातात दिवस मोजकेच होते. तीन दवाखान्यांनी "रिअ‍ॅक्शन आली तर?" म्हणून नाही म्हटलं. शेवटी सरकारी दवाखान्यात मिळालं. ज्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, ती पेनिसिलिन बनवायला, तिथून हाकेच्या अंतरावर एक गरोदर मुलगी पेनिसिलिनसाठी दारोदार फिरली. रिअ‍ॅक्शनची भीती खोटी नाही, पण ती क्वचित येते, आणि त्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी ठेवायचं असतं.

नंतर फेरतपासणीला ती एकटी आली. बाही वर करता करता म्हणाली, "ताई, मी तर घरातच असते हो." मी काहीच बोलू शकले नाही. नवरा तपासणीला आला का, एवढंच विचारलं. नव्हता आला. म्हणजे इंजेक्शन घेऊनही तिला पुन्हा लागण होण्याची वाट मोकळीच होती.

आणखी एक गोष्ट मला खटकते. 19 वर्षांत सिफिलिसच्या किती केसेस सापडल्या, हे आमच्या लॅबला कुणी विचारलेलं नाही. मग खाजगीत जाणाऱ्या "चांगल्या घरांचा" आकडा देशाच्या हिशेबात येणार कुठून? नाही मोजलं म्हणजे नाही असं होत नाही. श्रीलंकेने आईकडून बाळाला होणारा सिफिलिस आटोक्यात आणला आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तिथे प्रत्येक गरोदर बाईची तपासणी होते, तिचं घर कसं आहे हे न विचारता.

सरकारी रुग्णालयांत अशा आजारांसाठी असलेल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध फुकट आहे. पण स्वारगेटच्या आसपासच्या भिंतींवर 'गुप्तरोग' वाचत मोठं झालेला माणूस त्या दारातून आत जायला बिचकतो. हा शब्द आता टाकून द्यायला हवा. रक्तात सापडतो, इंजेक्शनने बरा होतो, त्यात गुप्त काय आहे?

घरात कुणाला दिवस गेले असतील तर आज तिची फाइल उघडा आणि व्हीडीआरएल किंवा सिफिलिस हा शब्द शोधा. नसेल तर डॉक्टरांकडे स्वतःहून मागा, पहिल्या तीन महिन्यांतच. पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याने त्याच दिवशी रक्त द्यायचं.

त्या नर्सिंग होमला मी कळवलंय की व्हीडीआरएल यादीत परत घाला, आम्ही तिचे पैसे लावणार नाही. अजून उत्तर नाही. सोमवारी डॉक्टरांना भेटायला जातेय.