अंगणात एकेरी तेरडा लावा

पाऊस तोंडावर आला की नर्सऱ्यांत गर्दी होते. फुलपाखरं, मधमाश्या याव्यात म्हणून लोक हौसेने कॉसमॉस, झेंडू, पेटुनिया घरी आणतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, पहिली कुंडी तेरड्याला द्या. तोही एकेरी पाकळीचा, रानातला, गुलाबी-जांभळा.

नर्सरीत बहुतेकदा मिळतो तो डबल तेरडा, गुलाबासारखा भरगच्च. दिसतो देखणा, पण पाकळ्यांच्या त्या गर्दीत माशीला आत शिरायला वाटच राहत नाही. रानतेरड्याच्या फुलाला मागे बारीक वाकडी शेपटी असते, मध तिच्यात असतो. तो प्यायला माशी आत शिरली की वरचे पराग तिच्या पाठीवर पडतात. सकाळी पाठ पांढरी झालेली माशी दिसली की समजावं, ही तेरड्यावरून आली. या फुलाची आणखी एक गंमत म्हणजे आधी पुंकेसरांची टोपी असते आणि ती गळल्यावरच खालचं स्त्रीकेसर उघडं पडतं. म्हणजे पराग या फुलातून त्या फुलात न्यायला कुणीतरी लागतंच. सातेरी म्हणजे आपल्या देशी मधमाश्या येतात, निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या येतात. या निळ्या माश्या मातीत बिळं करतात, म्हणून सगळं अंगण फरशीने झाकू नका, हातभर जमीन उघडी राहू द्या.

पानांवर शेपटीला काटा असलेला जाडजूड सुरवंट दिसला तर मारू नका. तो पतंगाचा आहे, थोडी पानं खाईल, झाड मरत नाही. फुलं असताना कुठलंही औषध फवारू नका.

लावायला अगदी सोपं. पहिल्या पावसात बी मातीवर टाकायचं, वर पातळ माती भुरभुरायची, पाणी साचू द्यायचं नाही. भाद्रपदात फुलं लागतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे एका फुलापुरतं खरं, झाड मात्र आठवडेच्या आठवडे फुलत राहतं.

कोकणात गौर तेरड्याचीच. मुळासकट उपटून आणलेल्या रोपांच्या जुड्या मुंबईच्या बाजारातही दिसतात. पूजेला माझा मुळीच विरोध नाही, पण ही रोपं बी धरायच्या आधीच उपटली जातात. घरची चार रोपं गौरीला घ्यावीत, बाकीची उभी ठेवावीत. शेंग फुगून फिकट झाली की हात लावताच फुटते आणि बी उडून जातं, म्हणून आधीच तिच्यावर मलमलची पिशवी बांधा. सुकलेलं बी कागदाच्या पुडीत पुढच्या ज्येष्ठापर्यंत छान टिकतं. शेजाऱ्यांना वाटायलाही पुरून उरतं. आणि कुणाच्या ओळखीत नर्सरीवाले असतील तर त्यांच्याकडे एकेरी तेरड्याचं बी मागत राहा.