टिटवीची चार अंडी आणि चार महिन्यांचा पाऊस: त्या मेसेजला उत्तर

मे महिना लागला की सांगली-साताऱ्याच्या शेतकरी ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. मुरमात टिटवीची अंडी आणि खाली मजकूर: 'चार अंडी म्हणजे चारही महिने पाऊस. उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर दुष्काळ. टोकं खाली असतील तर झड लागणार. जुन्या लोकांचं कधी चुकलं नाही. आपल्या रानातली अंडी शोधा, फोटो टाका.' या फोटोवर विसंबून पेरणीची तारीख ठरवायच्या गप्पा होतात आणि त्या नादात टिटवीचं घरटंही जातं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

चार अंड्यांचं आधी. टिटवी बहुतेक वेळा चारच घालते. माळटिटवी चार, चिखल्या साधारण तीन-चार, तळ्यातल्या पानांवर अंडी घालणारा कमळपक्षीही चारच. हा या पक्ष्यांच्या गोतावळ्याचाच साचा आहे. सांगली जिल्ह्यात शिराळ्याच्या पश्चिमेला धो धो कोसळतं आणि त्याच वर्षी जत-आटपाडीत टँकर फिरतात. टिटवीची अंडी दोन्हीकडे चार. साताऱ्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास पाऊस पडतो. अंडी पाऊस मोजत असती तर एकाच जिल्ह्यात एवढ्या फरकाला काही तरी वेगळा आकडा दिसला असता. कधी तीन दिसतात तेव्हा एक कुणीतरी नेलेलं असू शकतं, नाहीतर आधीचं घरटं मोडल्यावर घातलेली ती दुसरी खेप असू शकते.

टोकांचं तर अगदीच सोपं आहे. अंडी एका बाजूला निमुळती असतात आणि टोकं आत करून ठेवली की चारही पोटाखाली नीट बसतात. घरटं म्हणजे उथळ खळगी, तिचा मध्य सगळ्यात खोल. मग टोकं खालीच कलणार. शिवाय उबवताना पक्षी अंडी हलवतो, फिरवतो. सकाळचा फोटो आणि संध्याकाळचा फोटो वेगळा येऊ शकतो.

आता उंचवट्याकडे या, कारण लोकांचा खरा विश्वास इथे आहे. टिटवीला अंडी साधारण 28 ते 30 दिवस उबवावी लागतात. पिलं सुकली की लगेच, फार तर एखाद्या दिवसात, घरटं सोडून आईबापामागे चालू लागतात. म्हणजे मेच्या सुरुवातीला घातलेली अंडी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत फुटून मोकळी होतात. ऑगस्टच्या पुराशी त्या खळगीचा संबंधच उरत नाही. 2019 आठवा. जून देशभर कोरडा गेला आणि ऑगस्टमध्ये थोड्या दिवसांत कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर चढली. मे महिन्यातल्या घरट्यातली पिलं तोवर कधीच रानभर झाली असणार.

मग ती उंच जागा का धरते? कुत्रं, मुंगूस, माणूस लांबूनच दिसावा म्हणून. दिसलं की ती गुपचूप उठून चालत लांब जाते आणि मगच ओरडते. वळवाच्या एका सरीत खळगी भरू नये, हेही आहेच. आणि तिसरं कारण आपणच तयार केलंय. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी आलं, माळ फुटले, उन्हाळ्यातही रोटाव्हेटर फिरू लागला. नांगराखाली न येणारी जागा म्हणजे बांध, मुरमाचा ढीग, कालव्याचा भराव, नाहीतर घराचा स्लॅब. या सगळ्या उंचच असतात. स्लॅबवर टिटवी दिसली की लोक महापुराच्या गोष्टी करतात, पण खरी काळजी वेगळी आहे. टिटवी पिलांना भरवत नाही, ती स्वतः किडे टिपतात, आणि स्लॅबवर किडे कुठले?

'जुन्या लोकांचं कधी चुकलं नाही' याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं. मोडलेलं घरटं कुणाच्या नजरेला पडत नाही. पहिल्याच आठवड्यात कावळ्याने अंडी नेली तर तिथे काही होतं हे कळणार कसं? दिसतात ती टिकलेली, आणि लक्षात राहतात ती पावसाशी जुळलेली. हॅरोल्ड मेफिल्ड या अमेरिकन अभ्यासकाने 1961 मध्ये याच अडचणीवर हिशेब मांडला: घरटं किती दिवस आपल्या नजरेखाली होतं ते धरून रोजची टिकण्याची शक्यता काढायची. उदाहरणादाखल, शंभर घरटी धरली आणि रोज उरलेल्यांतली शेकडा चार मोडत असतील तर 28 दिवसांनी साधारण 32 उरतात. रोजचं नुकसान शेकडा दोनवर आणलं तर 57 उरतात. दिवसाला शेकडा दोनचा फरक, पण महिनाअखेर जवळजवळ पावणेदोन पट.

म्हणूनच त्या मेसेजमधली शेवटची ओळ सगळ्यात घातक आहे. आपण अंड्यांपाशी उभे राहिलो की टिटवी बाहेर. मे महिन्याच्या दुपारी जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि चाळीस अंशांच्या वर अंड्यातला जीव फार वेळ तग धरत नाही. विट्याकडच्या एका कालव्यावर मी पाहिलंय: टिटवी पाण्यात पोट बुडवून घेते, चालत खळगीपाशी येते आणि ओली पिसं अंड्यांवर टेकवते. मुरमावर ओला डाग पडतो, बघता बघता सुकतो, ती पुन्हा पाण्याकडे. मध्ये पाच-सहा जण मोबाईल घेऊन उभे राहिले तर ही फेरी थांबते. माणसं कशाभोवती जमलीत हे कावळाही बघत असतो, आणि सोबत आलेलं कुत्रं तर वासानेच जागा काढतं.

पावसाचा अंदाज हवा असेल तर हवामान खात्याचा एप्रिलमधला आणि मे अखेरचा सुधारित अंदाज घ्या. पेरणी ओल किती खोल गेली ते बघूनच करा. रानात घरटं सापडलंच तर फोटोऐवजी चार पावलांवर एक काठी रोवा, ट्रॅक्टरवाल्याला तेवढा तुकडा महिनाभर सोडायला सांगा आणि कुत्रं बांधून ठेवा. मेंढरं बसवायची असतील तर मेंढपाळाला जागा आधीच दाखवा. अंडी उचलून सुरक्षित जागी ठेवू नका. वन्य पक्ष्यांची अंडी नेणं आणि घरटं बिघडवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.