पृथ्वीचे वार्षिक नियोजन

जून महिन्यात शाळेच्या आवारात दोन गोष्टी न चुकता उगवतात: एक टाकळा आणि दुसरे वार्षिक नियोजन. टाकळ्याची निदान भाजी करता येते. कोणत्या महिन्यात काय शिकवायचे हे सांगणाऱ्या त्या नियोजनाच्या मात्र तीन प्रती कराव्या लागतात. त्यांतली एक मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते, दुसरी वरच्या कार्यालयात आणि तिसरी आपल्याच टाचण वहीच्या, म्हणजे रोजच्या पाठांच्या नोंदवहीच्या, पहिल्या पानावर डिंकाने चिकटते. वही उघडताच आपण किती मागे आहोत हे कळावे, एवढाच या तिसऱ्या प्रतीचा वर्षभराचा उपयोग.

माझ्याकडे सहावी ते आठवीचे सामान्य विज्ञान आहे आणि भूगोलही आहे. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा शाळेतून भूगोलाचे शिक्षक बदलून गेले आणि त्यांच्या जागी कोणीच आले नाही. तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "सर, विज्ञानात पृथ्वी आहे, भूगोलातही पृथ्वीच आहे. एकाच माणसाकडे असलेली बरी." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अशा रीतीने पृथ्वी, तिच्यावरची हवा, पाणी आणि माती, त्या मातीतली गांडुळे आणि ती गांडुळे खाणारे पक्षी हे सगळे माझ्या नावावर चढले. विश्वाचे अंतरंग आधीपासून माझ्याकडेच होते.

शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापनाचे ठरवून दिले आहेत. हा आकडा पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटते, एवढ्या वेळात पृथ्वीच काय, आकाशगंगासुद्धा शिकवून होईल. परंतु हे तास सगळ्या विषयांचे मिळून असतात. त्यांतून माझ्या वाट्याला ज्या पस्तीस मिनिटांच्या तासिका येतात, त्यांवर चाचण्या, जयंत्या, शपथा, जंतनाशक गोळ्या, मतदार यादीचे काम आणि "सोबतच्या नमुन्यात माहिती आजच दुपारी चारपर्यंत पाठवावी" हा कायमचा संदेश यांचाही हक्क असतो. नियोजनाच्या तक्त्यात महिना, घटक, उपघटक, तासिका, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून झाल्यावर काय यायला हवे ते), शैक्षणिक साहित्य आणि शेरा असे रकाने असतात. मतदार यादीसाठी रकाना नसतो, आणि अध्ययन निष्पत्ती नेमकी कोणाची, हेही तिथे विचारलेले नसते.

तरीही पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे धडे महिन्यांत वाटून टाकले, तर हे काम एका दुपारचे आहे आणि शहाणी माणसे ते तसेच करतात. माझे बिनसले ते एका हट्टामुळे. निसर्गाचा धडा निसर्गात ती गोष्ट चालू असतानाच शिकवावा, असे मला वाटते. हा हट्ट ऐकायला फार चांगला वाटतो आणि प्रशिक्षणात त्यासाठी टाळ्याही मिळतात. प्रत्यक्षात मात्र निसर्गाचे एक वेळापत्रक असते, पुस्तकाचे दुसरे आणि कार्यालयाचे तिसरे, आणि या तिघांची आपसांत ओळखसुद्धा नसते.

ऋतुनिर्मितीचेच पाहा. सातवीच्या भूगोलात हा घटक दोन भागांत येतो. तो नीट शिकवायचा तर मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवावी आणि वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यान्हीची सावली मोजावी, यासारखी स्वस्त आणि सुंदर पद्धत नाही. आमच्या अक्षांशावर २१ जूनला सूर्य मध्यान्ही किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे सावली चक्क दक्षिणेला पडते आणि तीही जेमतेम दहा सेंटिमीटर. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला ती उत्तरेला सुमारे बत्तीस सेंटिमीटर भरते, आणि २२ डिसेंबरला सत्त्याऐंशीपर्यंत जाते. एवढे पाहिले तर पृथ्वीचा आस कललेला आहे हे घोकावे लागत नाही. आता कार्यालयाचे वेळापत्रक पाहा. २१ जूनला योग दिन असतो, शाळा नुकतीच उघडलेली असते, आणि आभाळ असे भरलेले असते की सूर्य उत्तरेला आहे की रजेवर आहे, हे सांगता येत नाही. सप्टेंबरातल्या तारखेच्या एका बाजूला गणपती असतात आणि दुसऱ्या बाजूला सत्र परीक्षा. मार्चची तारीख वार्षिक परीक्षेच्या सरावात जाते. राहता राहिला २२ डिसेंबर; त्या दिवशी आकाश निरभ्र असते, ऊन स्वच्छ असते आणि स्नेहसंमेलन असते.

मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते, तो शून्य सावलीचा दिवस तर जणू शिक्षकाची थट्टा करण्यासाठीच नेमलेला आहे. आमच्याकडे तो वर्षातून दोनदा येतो, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मे महिन्यात ऊन असते पण मुले नसतात. ऑगस्टमध्ये मुले असतात पण ऊन नसते. ऑगस्टमध्ये मी वर्गाला घेऊन काठीपाशी उभा राहिलो, तेव्हा सावली खरोखरच शून्य होती. काठीची, माझी, शाळेच्या इमारतीची, कोणाचीच सावली नव्हती, कारण पाऊस पडत होता. प्रयोग शंभर टक्के यशस्वी झाला असे वर्गातल्या एकाने सांगितले, आणि त्याला खोडून काढणे अवघड गेले.

त्यात मध्यान्हीचा आणखी एक घोळ आहे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते आणि आमचे गाव ७४ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे शाळेच्या घड्याळात बारा वाजले तरी सूर्य आमच्या डोक्यावर यायला अजून अर्धा तास तरी असतो. तो येतो साडेबाराच्या सुमारास आणि नेमकी त्याच वेळी खिचडी येते. स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ हा आठवीचा धडा यापेक्षा चांगला समजावून सांगता येणार नाही, पण खिचडीच्या रांगेतून मुलांना बाहेर काढून सूर्याकडे वळवणे कोणत्याही अध्ययन निष्पत्तीत बसत नाही.

सजीवांची बाजू तरी सोपी असेल, असे वाटण्याचे कारण नाही. सूक्ष्मजीवांचा धडा सातवीच्या पुस्तकात दुसऱ्या सत्रात येतो. बुरशी मात्र पहिल्या सत्रात येते. जुलै महिन्यात आमच्याकडे भाकरीला, चपलेला, डस्टरला आणि एकदा तर विज्ञान साहित्याच्या नोंदवहीलाही बुरशी आली होती. तिच बुरशी डिसेंबरात वर्गात वाढवायला घेतली, की भाकरी चार दिवसांत कौलासारखी वाळते आणि तिच्यावर काहीही उगवत नाही. म्हणून मी तो धडा जुलैत घेतला. मुलांनी भिंगातून बुरशीचे पांढरे तंतू पाहिले, त्यांच्या टोकांवरचे काळे ठिपके पाहिले, घरी जाऊन आयांना डबे नीट कोरडे करण्याविषयी उपदेशही केला. नंतर वरून तयार होऊन आलेल्या चाचणीत बुरशीबद्दल अवाक्षर नव्हते. तिच्यासाठी जागा करताना मी पुढे ढकललेल्या भौतिक राशींच्या मापनावर मात्र भरभरून प्रश्न होते. पुस्तकाचा क्रम हा काही वेद नव्हे, असे मी अजूनही मानतो. पण चाचणी काढणाऱ्यांना माझे हे मत कळवण्याची सोय नाही.

फुलाचे भाग दाखवायला जास्वंदीसारखे फूल नाही. मोठे असते, उमलते असते, पाकळ्या सोडवल्या की केसरांची नळी आणि तिच्यातून वर आलेली जायांगाची पाच टोके अगदी स्वच्छ दिसतात. हा पाठ मी भाद्रपदात ठेवला, आणि शाळेशेजारच्या काकूंकडे मुलांना पाठवले. काकूंनी मुलांना परत पाठवले आणि मला निरोप धाडला, की दहा दिवस एकही फूल मिळणार नाही, बाप्पा आहेत, नंतर काय चिरायचे ते चिरा. काकूंचे काही चुकले नाही. गणपतीपुढे माझा घटक क्रमांक दोन टिकावा, अशी माझीही अपेक्षा नव्हती.

पेशी दाखवताना तर मध्यंतर आडवे आले. सूक्ष्मदर्शक कपाटात होता, कपाटाची किल्ली लिपिकांकडे होती आणि लिपिक तालुक्याला गेले होते. ते आले तेव्हा खिचडी खाऊन झाली होती. कांद्याचा पापुद्रा पाहून झाल्यावर मुलांना स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशी पाहायच्या होत्या. पेशी रंगवायचे मिथिलीन ब्लू संपले होते, म्हणून आयोडीनवर भागवले. काचपट्टीवर पेशी फिकट पिवळ्या दिसत होत्या आणि त्यांच्या आजूबाजूला गर्द निळे-काळे गोळे विखुरले होते. आयोडीनने पिष्टमय पदार्थ निळा-काळा होतो, आणि दात विसळायला कोणालाच सवड मिळालेली नव्हती. मी हे सांगेपर्यंत एका मुलीने वहीत पेशीची सुबक आकृती काढून पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक आणि भात अशी चार नावेही दिली होती. आकृती अचूक असल्यामुळे मी तिच्यावर बरोबरची खूण केली.

आकाशाचे प्रकरण सगळ्यांत वरचे. पहिल्या पावसात एका मुलाने विचारले, "सर, आजोबा म्हणत्यात मिरीग लागला. मग मिरीग दिसत का न्हाई?" प्रश्न इतका चांगला होता, की मी हातातला धडा बाजूला ठेवला. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सूर्यच मृग नक्षत्रात शिरतो, त्यामुळे ते तारे त्या दिवसांत सूर्याबरोबर उगवतात, सूर्याबरोबर मावळतात आणि दिवसभर उजेडात बुडालेले असतात. रात्री ते पाहायचे तर हिवाळ्यात पाहावेत. हे फळ्यावर काढून दाखवल्यावर मी जानेवारीतल्या एका संध्याकाळी तारे पाहायला शाळेत जमण्याचे नियोजन केले. पालकांची संमतीपत्रे पाठवली. त्या आठवड्यात गावाच्या खालच्या अंगाला उसात बिबट्याचे ठसे सापडले. एका पालकांनी संमतीपत्राच्या मागच्या बाजूला लिहून पाठवले, की तारे आमच्या गच्चीवरूनही दिसतात, सरांनी काळजी करू नये. तेव्हापासून आमच्या शाळेत खगोलशास्त्र सकाळी साडेदहा ते पाच या वेळेतच चालते.

क्षेत्रभेटीचेही असेच. घाटात रस्त्यासाठी तोडलेल्या कड्यावर बेसाल्टचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात आणि दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थांबला, वरचा भाग झिजून माती झाली आणि पुन्हा लाव्हा आला, ही सगळी हकीकत तिथे उघडी पडलेली आहे. साडेसहा कोटी वर्षे थांबलेला हा कडा बसच्या परवानगीसाठी आणखी तीन महिने थांबला. कासच्या पठारावरची टोपली कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. इतके लांबचे नियोजन करणारी वनस्पती मला पूज्य वाटते, पण तिचा बहर आणि माझी बदली यांत आधी काय येईल, ते दोघांनाही माहीत नाही.

भूकंपाचा धडा मात्र मी ११ डिसेंबरलाच ठेवतो. १९६७ साली याच तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. यंदा आपत्ती व्यवस्थापनाचा सराव त्याच दिवशी घ्यावा, अशी सूचना आली, आणि "विद्यार्थ्यांनी बाकाखाली आश्रय घ्यावा" असे तिच्यात लिहिले होते. आमची सहावी सतरंजीवर बसते. मुलांनी थोडा विचार करून सतरंजीखाली आश्रय घेतला. त्यानंतर एका मुलाच्या आजी वर्गात आल्या. मांडणीवरची भांडी कशी एका दमात खाली आली, गोठ्यातल्या म्हशी आधीच कशा हंबरत होत्या, त्यानंतर थंडीत किती रात्री लोक अंगणात झोपले, हे त्या सांगत गेल्या. मी मध्येच भूपट्ट आणि अपिकेंद्र असे काही बोललो, तेव्हा आजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी मागे जाऊन मुलांत बसलो. तास संपल्याची घंटा झाली आणि कोणीही उठले नाही. तक्त्यात त्या दिवशीच्या साहित्याच्या रकान्यात मी "आजी" असे लिहिले. मुख्याध्यापकांनी ते खोडून "तक्ता, पृथ्वीगोल" असे केले.

उरला तो २२ डिसेंबर. काठी मी आदल्या दिवशीच रोवून ठेवली होती. सकाळी मंडपवाले आले, त्यांनी काठी सरळ उभी आहे हे पाहून समाधान व्यक्त केले आणि तिला पताकांची दोरी बांधली. साडेबाराला लेझीमच्या पथकातली चार मुले, एक वासुदेव आणि दाढी चिकटवलेला एक मावळा असे माझे मोजणी पथक जमले. वासुदेवाने मोरपिसांची टोपी काढून बाजूला ठेवली, कारण तिची सावली काठीच्या सावलीत मिसळत होती. मावळ्याने टेप धरला. ८७ सेंटिमीटर भरले, पताका वगळून. ध्वनिक्षेपकावरून तेवढ्यात त्या सर्वांची नावे पुकारली गेली आणि पथक टेपसकट पळाले.

दुसऱ्या सत्राच्या परीक्षेत यावर प्रश्न आला: २२ डिसेंबर या दिवसाचे वैशिष्ट्य लिहा. आदर्श उत्तरपत्रिकेत "उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवस" असे होते. आमच्या मावळ्याने लिहिले होते, "२२ डिसेंबरला शाळेचे स्नेहसंमेलन असते, त्यामुळे सूर्य दक्षिणेकडे जातो व सावली ८७ सेमी होते." मी अर्धा गुण दिला.