बॅसिलिस्कबद्दलच्या दोन स्टारवाल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, रिव्ह्यू वाचला. मुलांचा हिरमोड झाला त्याबद्दल खरंच सॉरी. तुम्ही लिहिलंय की बॅसिलिस्क, म्हणजे आमचा पाण्यावर पळणारा सरडा, नुसता फांदीवर बसून होता, पाण्यावर पळालाच नाही, एवढ्या मोठ्या काचघरात बिचारा एकटा ठेवलाय, आणि नाकावर जखम आहे म्हणजे आमचं लक्ष नाही. बाकी सगळं ठीक आहे, पण जखमेचं वाचून रात्री झोप लागली नाही.

अहो, हा प्राणी हौसेनं पाण्यावर पळत नाही, जीव घाबरला की पळतो. मध्य अमेरिकेच्या जंगलात ओढ्यावर वाकलेल्या फांदीवर बसलेला असतो, साप किंवा शिकारी पक्षी आला की खाली उडी आणि मागच्या दोन पायांवर धूम, बोटांच्या कडेच्या झालरी उघडतात, सेकंदाला साधारण दीड मीटर. त्यातही लांब पळतात ती पिल्लं, आमच्या नरासारखा वजनदार लवकर बुडतो आणि पोहायला लागतो. म्हणजे तो बसून होता तर निवांत होता.

घाबरला तो नंतर. पाटी असूनही तुमच्यातल्याच एका मोठ्या माणसानं किल्लीनं काचेवर टकटक केली. त्याला काच कळतच नाही हो, समोर मोकळं दिसतं, त्यानं सरळ झेप घेतली आणि नाक आपटलं, जुनी खपली निघाली. तुमच्या फोटोतलं ते लाल टोक त्यानंतरचं आहे. मी तिथेच उभा होतो, विनंती केली तर 'तिकीट काढलंय' असं ऐकून घ्यावं लागलं. असो.

एकटा का, तर दुसरा नर सोडला की दोघं तुरे उभारून, माना हलवत अंगावर जातात आणि हरणारा खाणं सोडतो. त्याच्यासोबत एकच मादी ठेवली तर तो तिला धड बसू देत नाही. आणि सोबतीला छोटे सरडे, मासे ठेवा म्हणालात ना, ते तो खातो!

काचेच्या खालच्या भागाला अपारदर्शक कागद लावणारच आहोत, पाटीचंही बघतो. पुढच्या वेळी त्याच्या खाण्याच्या वेळेला या, तेव्हा खाली उतरतो. आणि जमलं तर जखमेचं ते वाक्य तेवढं काढा, लोक तेच वाचून परत फिरतात, आमचं घर यावरच चालतं.